मदत हवी आहे : गावच्या इतिहास मंडळाचाच इतिहास लिहायचा आहे

नमस्कार मंडळी. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात १९६१च्या गोवा मुक्तीनंतरच्या दशकात काही शिक्षकांनी इतिहास मंडळ काढलं. वीरगळ (वीरांच्या स्मारकशिळा), देवळांचे जुने कागद, मोडी दस्त यांच्या नोंदी त्यांनी हाताने उतरवून ठेवल्या. ही माणसं एकेक करून जाताहेत, म्हणून घाई आहे.

पणजीत १८७१ साली निघालेल्या वास्को द गामा संस्थेचा, म्हणजे आजच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेचा, इतिहास निदान सापडतो. गावपातळीवरच्या मंडळांचं काय? माझ्या मते पां. स. पिसुर्लेकरांसारख्या इतिहाससंशोधकांनी मोठ्या दप्तरांत जे केलं, त्याचीच लहान आवृत्ती ही माणसं गावात करत होती.

आमच्याकडे सभांच्या इतिवृत्ताची पहिली वही नाही. मंडळाच्या त्या काळच्या नोंदणीची, घटनेची (नियमावलीची) प्रत आता कुठल्या कार्यालयात मिळेल? पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात १९६२ पासूनचा दैनिक 'गोमन्तक' कुणी चाळलाय का? गाववार बातम्या शोधायची काही सोय आहे? आणि पावसात ओल धरलेल्या, पानं चिकटलेल्या वह्या स्कॅन करण्याआधी कशा सुटवायच्या, हे जाणकारांनी जरूर सांगावं. कुणाच्या घरी अशा मंडळांच्या जुन्या निमंत्रणपत्रिका असतील, तर फोटो पाठवा.