सार्वजनिक बोअर दहा मिनिटांत हवा मारतोय: खोल करावा, नवीन घ्यावा की पुनर्भरण? (ता. मोहोळ)

शिवार_मोहोळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव मोहोळ तालुक्यातलं, ना सीनेच्या काठाला ना उजनीच्या कालव्याखाली. लोकसंख्या १,८००. पाणीपुरवठ्याची विहीर ६ मीटर व्यासाची, १४ मीटर खोल, आणि फेब्रुवारीतच तळाला दोन मीटर पाणी उरलंय. शेजारी साडेसहा इंची बोअर, २४० फूट. त्यात ५ एचपीची सबमर्सिबल २१५ फुटांवर सोडलेली आहे. मोटर चालू केली की आठ-दहा मिनिटांत हवा मारते, मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. ५० हजार लिटरची उंच टाकी दिवसभरात निम्मीही होत नाही.

ग्रामसभेत तीन मतं पडली. बोअर ६०० फुटांपर्यंत न्यायचा, पानाड्या आणून नवीन पॉइंट काढायचा, नाहीतर आत्ताच टँकरचा ठराव करायचा. एका पोराने याच बोअरभोवती खड्डा घेऊन पुनर्भरण करायचं सुचवलंय. पैसे एकाच कामापुरते आहेत. जाणकारांनी सांगावं.

काळा_कातळ

६०० फुटांचा नाद आधी सोडा. आपल्याकडे खाली बसाल्टचे थर एकावर एक आहेत. पाणी असतं ते मुरमात, भेगाळलेल्या कातळात आणि दोन थरांमधल्या तांबड्या पट्ट्यात. हे बहुतेक वरच्या दोनशे फुटांतच उरकतं. त्याखाली बऱ्याच ठिकाणी बोअरची गाडी नुसती कोरडी भुकटी उडवते आणि बिल फुटावर चढत जातं. खोलवर एखादी भेग लागलीच, तर ते पाणी वर्षानुवर्षं साठलेलं असतं. एकदा उपसलं की एका पावसाळ्यात भरत नाही. २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, तेही ध्यानात घ्या.

पानाड्याबद्दल बोलत नाही, नारळ हातावर उभा राहिला तरी खालची भेग हलत नाही. पॉइंट काढायचाच तर भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा कार्यालयाला पत्र द्या.

नवीन बोअर मारणारा "दोन इंची पाणी लागलं" म्हणाला, तर तो दोन इंची पाइप भरून वाहण्याची गोष्ट नसते. ९० अंशाच्या व्ही-नॉचवर (व्ही आकाराची खाच असलेल्या पत्र्यावर) दोन इंच उंचीने वाहणारं पाणी असतं ते, म्हणजे तासाला साधारण २,९०० लिटर. एक इंची म्हणजे जेमतेम ५०० लिटर, तीन इंची म्हणजे ८,००० च्या आसपास. नॉचवर फूटपट्टी लावून स्वतः बघा, ड्रिलरच्या तोंडी आकड्यावर पाच एचपी घेऊ नका. तुमच्याकडेही तेच झालं असावं असा दाट संशय आहे.

काहीही ठरवण्याआधी बोअर तासाला किती देतो ते मोजा.

मोटर_कॉइल

वरच्याशी सहमत. मोजायचं कसं ते सांगतो, खर्च फार नाही.

८ मिमीची प्लास्टिक नळी घ्या, ६५ मीटर. मोटर वर काढाल तेव्हा कॉलम पाइपला (मोटर ज्याला टांगलेली असते त्या पाइपला) दर दोन मीटरला टेपने बांधा, खालचं टोक पंपाच्या जरा वर राहू द्या. वरच्या टोकाला टी, त्याच्या एका बाजूला ४ किलोपर्यंतचा प्रेशर गेज, दुसऱ्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. सायकलच्या पंपाने हवा भरत राहा. काटा एका जागी थांबला आणि आणखी हवा मारूनही पुढे जात नसला की आकडा वाचा. १ किलो म्हणजे १० मीटर पाणी. काटा २.७ वर थांबला तर नळीच्या टोकावर २७ मीटर पाणी आहे, म्हणजे पातळी ६५ वजा २७, ३८ मीटरवर. काटा लगेच मागे येत असेल तर सांध्यातून हवा गळतेय, साबणाचं पाणी लावून बघा.

आता मोटर हवा मारेपर्यंत चालवा, बंद करा आणि घड्याळ लावून पहिल्या ५ मिनिटांत पातळी किती चढली ते बघा. साडेसहा इंची बोअरमध्ये कॉलम पाइपची जागा सोडून एका मीटरला १८ लिटर पाणी मावतं. तेवढ्यावरून येवा, म्हणजे बोअरमध्ये तासाला किती पाणी येतं ते निघतं. बाहेर पडणारं पाणी मोजायला २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे.

शिवार_मोहोळ

केलं. स्थिर पातळी ३८ मीटर. ड्रम २ मिनिटांत भरतो. मोटर बंद केल्यावर पहिल्या ५ मिनिटांत पातळी साडेनऊ मीटर चढली, पुढे हळूहळू.

मोटर_कॉइल

मग गणित सरळ आहे. ड्रम २ मिनिटांत, म्हणजे पंप तासाला ६,००० लिटर उचलतोय. साडेनऊ मीटर गुणिले १८ म्हणजे ५ मिनिटांत १७० लिटर, म्हणजे येवा तासाला २,००० लिटर. बोअरमध्ये उभं पाणी ५०० लिटरच्या आसपास, ते सात-आठ मिनिटांत संपतं आणि हवा मारायला लागते. बोअर आटलेला नाही. पंप बोअरला झेपेल त्याच्या तिप्पट आहे.

आत्ता तुम्ही मोटर दिवसात बारा-पंधरा वेळा चालू-बंद करताय. दर स्टार्टला करंट पाच-सहा पट जातो, वाइंडिंग जळण्याचं पहिलं कारण हेच. दुसरं कारण कोरडी चालणं.

करायचं काय: २ एचपी, जास्त स्टेजचा (एकावर एक जास्त पंखे असलेला), कमी डिस्चार्जचा पंप. उंच टाकी आणि पाइपातलं घर्षण धरून हेड, म्हणजे पाणी चढवायची एकूण उंची, ८५ मीटरच्या घरात जातं, तेव्हा दुकानात "२ एचपी द्या" म्हणू नका, पंपाच्या कर्व्हवर (किती उंचीला किती पाणी ते दाखवणाऱ्या आलेखावर) ८५ मीटरला तासाला २,००० लिटर दाखवणारं मॉडेल मागा. तोवर जुन्याच पंपाचा गेट व्हॉल्व्ह आवळून चालवता येईल, पण फार आवळू नका. सबमर्सिबलची मोटर वाहत्या पाण्यानेच थंड होते, पाणी अगदी कमी झालं की तापते. पॅनेलमध्ये इलेक्ट्रोडवाला लेव्हल गार्ड बसवा, पाणी खाली गेलं की तो मोटर आपोआप बंद करतो. खालचा इलेक्ट्रोड पंपाच्या दोन मीटर वर, वरचा त्याहून दहा मीटर वर. इलेक्ट्रोडवर क्षार चढतो, वर्षातून एकदा काढून घासायला लागतो. नाहीतर पाणी असूनही मोटर चालू होत नाही आणि मग कुणीतरी गार्ड बायपास करून ठेवतो. असले बायपास जिल्हाभर सापडतील.

कनेक्शन शेतीच्या फिडरवर असेल तर थ्री फेज आठ-दहा तासच मिळते. २ एचपी सिंगल फेजवर चालतो, गावठाण फिडरवर घ्या. १८ तास चालला तर ३६ हजार लिटर.

पाणवठा

३६ हजार भागिले १,८००, माणशी २० लिटर. टँकरचा निकषही माणशी २० लिटरच आहे. म्हणजे आज नुसता पंप बदलला तर टँकरइतकं पाणी गावातच आहे. जलजीवनच्या ५५ लिटरच्या हिशेबाला मात्र ९९ हजार लागतात, तो तुटवडा वेगळा.

आणि ते पाणी कुठे जातं तेही बोला. ऊस पाटपाण्यावर वर्षाला दोन मीटर तरी पाणी पितो, एकराला ८० लाख लिटर. तुमच्या गावाची ५५ लिटरने वर्षाची गरज ३ कोटी ६१ लाख. साडेचार एकर ऊस म्हणजे अख्खं गाव. बोअरच्या पाण्याने भरलेली प्लास्टिकची शेततळी तर विचारूच नका. ३० बाय ३० मीटरच्या उघड्या तळ्यावरून एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिमी धरलं तरी ७,२०० लिटर वाफ होऊन जातात. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही, १९९३ च्या कायद्यापासूनचा नियम आहे. गावात तो कुणी वाचलेला नसतो, कारण वाचणाऱ्याचाच बोअर त्या ५०० मीटरमध्ये असतो.

काळा_कातळ

पुनर्भरणाबद्दल. पिण्याच्या चालू बोअरभोवती खड्डा घेऊ नका. नाल्याचं पाणी म्हणजे शेण, खत, संडासाची घाण, सगळं सरळ केसिंगमधून (बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपातून) भेगेत. शिवाय गाळ भेगेत बसला की काढता येत नाही, असलेला येवाही जातो. विहिरीच्या वरच्या अंगाला, शंभर-दोनशे मीटरवर एखादा आटलेला बोअर नक्की असेल, तो निवडा. संडासाच्या शोषखड्ड्यापासून किमान १५ मीटर लांब.

आधी तो पाणी पितो का ते बघा. पाच हजार लिटरचा टँकर त्यात सोडा. पातळी तासाभरात खाली गेली तर काम करा. तोंडापर्यंत भरून तसाच उभा राहिला तर भेगच नाही, तिथे पैसे घालू नका. अशा बोअरला फार तर जलभंजनाचं विचारता येईल, म्हणजे पॅकर (बोअर मध्येच घट्ट बंद करणारं बूच) लावून दाबाने पाणी मारून भेगा मोकळ्या करणं. भूजल सर्वेक्षणकडे त्याचं युनिट असतं.

खड्डा केसिंगभोवती २ मीटर लांब, रुंद आणि खोल. खड्ड्यातल्या केसिंगला खालच्या दीड मीटरमध्ये ५ मिमीची छिद्रं पाडा, हाताएवढ्या अंतरावर, चारी बाजूंनी. वर नायलॉनची जाळी दोन फेरे, मग काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. तळाला मोठे दगड ६० सेंमी, त्यावर ४० मिमी खडी ५० सेंमी, मग बारीक खडी ३० सेंमी, वर जाडी वाळू ४० सेंमी. वरचे २० सेंमी पाणी उभं राहायला मोकळे. केसिंगचं तोंड जमिनीच्या दोन फूट वर आणि झाकण बंद, नाहीतर पहिल्याच पुरात पाणी वाळू टाळून वरून आत शिरतं. पाणी आत येण्याआधी एक गाळटाकी, दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल.

शाळेचं छप्पर जवळ असेल तर नाल्यापेक्षा तेच जोडा. २०० चौ.मी. छपरावर ५०० मिमी पाऊस धरून, वीस टक्के वजा जाता ८० हजार लिटर, तेही जवळपास स्वच्छ. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला टी आणि बूच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, जे इथे हमखास चुकतं: आपला जोराचा पाऊस सप्टेंबरात, परतीचा. जून-जुलैच्या भुरभुरीने वाळूवर चिखलाची साय धरलेली असते, आणि नेमक्या मोठ्या पावसात पाणी खड्ड्यावरून वाहून जातं. ऑगस्टच्या शेवटी वरची १० सेंमी वाळू खरवडून धुऊन परत टाका.

ग्रामपंचायत_डेस्क

प्रशासकीय बाजू थोडक्यात. टँकरचा ठराव करायचा तर करून ठेवा, पण टंचाईत आधी खासगी विहीर-बोअरचं अधिग्रहण बघितलं जातं. एखाद्या शेतकऱ्याचा बोअर चालू असेल तर ठरावात तोही घाला. गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांची संयुक्त पाहणी होते, तेव्हा वरचे आकडे कागदावर दाखवा. "पाणी नाही" या दोन शब्दांपेक्षा "येवा तासाला २,००० लिटर" याला वजन असतं.

टँकर आलाच तर कोरड्या विहिरीत ओतू देऊ नका, बरंच कातळात जिरतं. प्लास्टिकच्या टाक्या किंवा सिमेंटची साठवण टाकी हवी. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) १,००० लिटरला ५ ग्रॅम, १२ हजारांच्या टँकरला ६० ग्रॅम. बादलीत कालवून गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकायची, अर्धा तास थांबायचं. शेवटच्या नळाला ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी) पिवळा रंग आलाच पाहिजे, लिटरला किमान ०.२ मिग्रॅ. विहिरीचं पाणी काढायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची गुणिले ०.७८५. तुमच्या विहिरीत दोन मीटरला ५६ हजार लिटर आहेत, म्हणजे २८० ग्रॅम. टीसीएलचं पोतं उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांखाली आलेलं वापरू नका.

पण पंपाच्याही आधी एक करा. रात्री अकराला टाकी आहे तेवढी राहू द्या, मेन व्हॉल्व्ह उघडा, गावातले वाटपाचे व्हॉल्व्ह सगळे बंद. पहाटे पाचला पातळी बघा.

शिवार_मोहोळ

टाकी आतून ५ मीटर व्यासाची. सहा तासांत २२ सेंमी उतरली. एवढं चालतं का?

ग्रामपंचायत_डेस्क

चालत नाही. ५ मीटर व्यासाला दर सेंमी १९६ लिटर, म्हणजे ४,३०० लिटर, तासाला सातशेच्या वर. बोअरच्या येव्याचा तिसरा हिस्सा टाकीत नाहीतर मुख्य लाइनमध्येच जातोय. आज रात्री टाकीचा आउटलेट बंद करून तीच परीक्षा घ्या. तरी उतरली तर टाकी किंवा तिचा वॉशआउट (टाकी धुऊन रिकामी करायचा पाइप) गळतोय. उतरली नाही तर पाइपलाइन. मग वाटपाच्या व्हॉल्व्हपासून टाकीकडे चालत या, प्रत्येक व्हॉल्व्हच्या स्पिंडलला लोखंडी गज टेकवून दुसरं टोक कानाला लावा. गळतीजवळ सूं असा आवाज येतो, रात्री दोन-तीनला स्पष्ट. गटारीखालून लाइन जाते ती जागा पहिली उकरा. तिथे गळती असेल तर पाणी बंद असताना गटार आत ओढली जाते, म्हणून ती दुरुस्ती पंपाच्या बिलाची वाट न बघता करा आणि नंतर दोन दिवस टीसीएल दुप्पट ठेवा.