मदत हवी आहे: ५.१ होम थिएटरमध्ये आधी काय बदलावं – रिसीव्हर, फ्रंट, सेंटर की सबवूफर?

मूळ प्रश्न – नवा_श्रोता

जाणकारांचा सल्ला हवा आहे. संच ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर (सब). सध्या एकच वस्तू बदलता येणार आहे, बाकीचं नंतर यथावकाश.

खोली १४ बाय ११ फूट, उंची १० फूट. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. फ्रंट स्पीकरपासून कानापर्यंत साधारण साडेदहा फूट.

रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर): सात चॅनेलचा, ८ ओहमला ८० वॉट (दोन चॅनेल चालू असताना), ऍटमॉस (वरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) नाही. टीव्ही एचडीएमआय आर्कने (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी जोडणी) जोडलेला.
फ्रंट: बुकशेल्फ, ५ इंची वूफर, ८ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल.
सेंटर: त्याच मालिकेतला, ४ इंची दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर. टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवलेला.
सराउंड: छोटे, सोफ्याच्या दोन बाजूंना.
सब: ८ इंची, पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला), संचाबरोबर आलेला. उजव्या पुढच्या कोपऱ्यात.

तक्रारी दोन. संवाद नीट कळत नाहीत, म्हणून आवाज वाढवावा तर मारामारी सुरू झाली की दचकायला होतं. आणि खर्ज म्हणजे नुसती घूं घूं, ढोल काय नि स्फोट काय, सगळं एकाच सुरात. रिसीव्हरचा आवाज साधारण उणे २० वर ठेवून ऐकतो. माइकने ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर स्वतः मोजून सेटिंग लावतो ते) झालेलं आहे.

दुकानात सगळे नवा रिसीव्हर घ्या म्हणतात. बरोबर आहे का?

खालचा_सा

माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. पण खरेदीआधी चार गोष्टी तपासून इथे लिहा. सगळं मिळून तासाभराचं काम.

१. टीव्हीवरच्या ॲपमध्ये ५.१ चा एखादा चित्रपट लावा आणि रिसीव्हरचं माहितीचं बटण दाबा. आत येणारा सिग्नल कोणता दिसतो? डॉल्बी डिजिटल प्लस ५.१ की पीसीएम २.० (नुसते दोन चॅनेल)?

२. रिसीव्हरच्या स्पीकर सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' करा. संवाद दोन्ही फ्रंटमधून येऊन मध्यभागी ऐकू येतील. सोफ्याच्या बरोबर मध्ये बसून तोच प्रसंग दोन्ही प्रकारे ऐका. सेंटरविना जास्त स्पष्ट वाटलं तर दोष सेंटरचा किंवा त्याच्या जागेचा. काहीच फरक नसेल तर सेंटर बदलून काही साधणार नाही.

३. कॅलिब्रेशनने फ्रंटना 'लार्ज' (खर्जही त्यांनाच) ठरवलंय की 'स्मॉल' (खर्ज सबकडे)? क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचं सबकडे जातं तो) किती? सबची ट्रिम (रिसीव्हरने केलेली आवाजाची वाढ-घट) आणि अंतर किती दाखवतं?

४. फोनवरून ८०, ६०, ५०, ४०, ३५, ३० आणि २५ हर्ट्झचे शुद्ध सूर एकेक करून वाजवा. आवाजाचं बटण हलवायचं नाही. कुठला सूर अंगावर येतो, कुठला गायब होतो, कुठे सब फडफडतो, ते टिपा. सुरुवात हळू आवाजात करा. शुद्ध सुराने छोटा सब पटकन दुखावतो.

पाच_पॉइंट_एक

तपासण्या ठीक, पण माझं मत फ्रंट आणि सेंटरच्या बाजूने. चित्रपटातला बहुतेक संवाद सेंटरमधून येतो आणि संगीताचा भार फ्रंटवर असतो. ४ इंची वूफरचा सेंटर म्हणजे सगळ्यात कच्चा दुवा. फक्त एक लक्षात ठेवा, सेंटर एकटा बदलायचा तर फ्रंटच्याच मालिकेतला मोठा घ्या. नाहीतर एखादी गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलतो.

रिसीव्हरही जुना आहेच. ई-आर्क (आर्कची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) नाही, ऍटमॉस नाही.

ओहमचा_नियम

रिसीव्हरबद्दल आधी गणित मांडू, मग मत.

फ्रंट १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतो. साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर, तिथे पोचेपर्यंत सुमारे १० डेसिबल कमी होतात (खोलीच्या भिंती त्यातले थोडे परत देतात, ते सोडून देऊ). म्हणजे कानाशी १ वॉटला ७७. कॅलिब्रेट केलेल्या रिसीव्हरवर ० म्हणजे रेफरन्स पातळी, जिथे मुख्य चॅनेलची शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जातात. तुम्ही ऐकता उणे २० वर, म्हणजे शिखर ८५. ७७ वरून ८५ म्हणजे ८ डेसिबल, त्याला लागतात साडेसहा वॉटच्या आसपास.

८० पैकी साडेसहा! त्याजागी १०० वॉटचा रिसीव्हर आणला तर वाढ १ डेसिबलची, आणि तीसुद्धा तुम्ही वापरतच नसलेल्या टोकाला. शिवाय जाहिरातीतले वॉट बऱ्याचदा एकच चॅनेल, फक्त १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के डिस्टॉर्शन धरून मोजलेले असतात. तुमचा आकडा दोन चॅनेलचा आहे, म्हणजे बराच प्रामाणिक.

ई-आर्कचंही तसंच. स्ट्रीमिंगवरचा ऍटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच गुंडाळलेला येतो आणि तो साध्या आर्कमधून जातो. ई-आर्क लागतो तो टीव्हीमार्गे ट्रूएचडी (डॉल्बीचा गुणवत्ता न घटवलेला प्रकार) किंवा अनेक चॅनेलचा पीसीएम न्यायचा असेल तर. छतात स्पीकर बसवायचे नसतील तर नव्या रिसीव्हरने आज तुमची एकही तक्रार सुटत नाही.

अपवाद दोनच: स्पीकर ४ ओहमचे असून रिसीव्हर तापून बंद पडतोय, किंवा एचडीएमआय बोर्ड गेलाय.

नवा_श्रोता

तपासलं.

१. पीसीएम २.० दिसतंय. प्रत्येक ॲपमध्ये तेच.
२. सेंटर 'नाही' केल्यावर संवाद स्पष्ट. सेंटरमधून आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो.
३. फ्रंट लार्ज. सबची ट्रिम उणे १२, अंतर १७ फूट (टेपने मोजलं तर ९).
४. ४० ला खिडकी थरथरते, ५० ठीक, ६० थोडा दबलेला, ३५ बारीक, ३० ला फुसफुस, २५ ला काहीच नाही.

खालचा_सा

तुमच्या अर्ध्या तक्रारी बिनखर्चाच्या आहेत. आधी त्या मिटवू.

पीसीएम २.० म्हणजे टीव्ही ५.१ चं दोन चॅनेलमध्ये मिश्रण करून पाठवतोय. त्यात सेंटरचा संवाद डाव्या-उजव्यात मिसळला जातो आणि स्वतंत्र खर्जाचा एलएफई चॅनेल सहसा गाळलाच जातो. रिसीव्हर पुन्हा अंदाजाने पाच चॅनेल पसरवतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वरून 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा. आवाज बंद झाला तर तुमचा रिसीव्हर आर्कवर डॉल्बी डिजिटल प्लस घेत नाही, मग 'डॉल्बी डिजिटल' निवडा. तरी ५.१ मिळतंच. ॲपमध्येही चित्रपटाचा ५.१ चा ट्रॅक निवडलेला हवा.

सेंटर कप्प्यात आत ढकललेला असला की कप्प्याची पोकळी साधारण १०० ते २५० हर्ट्झ फुगवते, डब्यातला आवाज तो. स्पीकरचा चेहरा फळीच्या कडेपासून अर्धा इंच बाहेर आणा. पुढच्या बाजूला खाली रबरी पाचर लावून ट्वीटर कानाकडे वळवा. आजूबाजूच्या रिकाम्या जागेत फोम कोंबा, पण मागे पोर्ट असेल तर तो मोकळा सोडा. क्रॉसओव्हर १०० हर्ट्झ ठेवा, ४ इंची वूफरला त्याखाली राबवू नका. मग गरज वाटली तर सेंटरची ट्रिम दीड-दोन डेसिबल वर. रात्री हळू ऐकताना डायनॅमिक रेंज कंट्रोल चालू केलात तर ते दचकणंही थांबेल.

फ्रंट लार्ज असणं हा ऑटो कॅलिब्रेशनचा नेहमीचा घोळ. ५ इंची वूफर खोल खर्ज वाजवायच्या नादात मधले सूर गढूळ करतो. स्मॉल करा, ८० हर्ट्झ.

सबचं अंतर १७ फूट दाखवतंय ते तसंच राहू द्या. सबमधल्या फिल्टरमुळे सिग्नलला उशीर होतो, रिसीव्हर तो उशीर अंतरात मोजतो. टेपचा आकडा टाकलात तर क्रॉसओव्हरपाशी सब आणि फ्रंट एकमेकांना मारतील.

ओहमचा_नियम

आता खर्ज. १४ फूट लांबीचा पहिला मोड (दोन भिंतींमध्ये घुमणारा सूर) ३४३ भागिले (२ गुणिले ४.२७), म्हणजे ४० हर्ट्झ. तुमची खिडकी जिथे थरथरते तोच. ११ फुटांचा ५१ ला, उंचीचा ५६ ला. कोपऱ्यातला सब तिन्हींना चेतवतो आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर त्या ४० चा दाब सर्वात जास्त. घूं घूं ती हीच. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्या आणि सब पुढच्या भिंतीच्या मध्याकडे आणा. रुंदीचा पहिला मोड मध्यावर चेततच नाही.

उणे १२ ही ट्रिमची खालची हद्द आहे. म्हणजे सबचा गेन (त्याच्या मागचं आवाजाचं बटण) इतका वर आहे की रिसीव्हरला तो आणखी कमी करता येत नाही. सबच्या मागचा गेन उतरवा आणि पुन्हा कॅलिब्रेशन करा, ट्रिम उणे ३ ते उणे ८ च्या मध्ये आली की झालं. सबवरचा स्वतःचा क्रॉसओव्हर पूर्ण वर किंवा एलएफई वर, नाहीतर दोनदा फिल्टर लागतो. कॅलिब्रेशनच्या वेळी पंखा-एसी बंद, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवायचा नाही. पहिली जागा मुख्य श्रोत्याची, बाकीच्या तिच्या दोन फुटांच्या आत.

इतकं करूनही ३० ला फुसफुस राहणारच, कारण ती जागेची नाही, सबच्या पडद्याच्या (हवा हलवणाऱ्या कोनच्या) मापाची मर्यादा आहे. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजाला चौपट हवा हलवावी लागते. त्यात एलएफई मुख्य चॅनेलपेक्षा १० डेसिबल वर, शिवाय फ्रंट, सेंटर आणि सराउंड स्मॉल केले की त्यांचाही खर्ज याच्याच गळ्यात. ८ इंचीकडून ते होणार नाही.

तर माझं उत्तर: सब.

पाच_पॉइंट_एक

सेंटर 'नाही' केल्यावर स्पष्ट ऐकू येतं, ही गोष्ट माझ्या मताच्या विरुद्ध नाही, हे नोंदवून ठेवतो. पण आधी जागा आणि पीसीएम सुधारून ऐकावं, हे मान्य. तरीही डबा राहिला तर पुढची पाळी सेंटरची. सराउंड मात्र सगळ्यात शेवटी, छोटे असले तरी चालतात. फक्त कानाच्या रेषेपेक्षा किंचित मागे, समोरून ११० अंशांच्या आसपास.

नवा_श्रोता

पास-थ्रूवर आवाज गेला, डॉल्बी डिजिटलवर ५.१ आलं. सेंटर बाहेर काढला, पाचर लावली. संवादाची तक्रार जवळजवळ मिटली. सोफा पुढे घेतल्यावर ४० ची थरथर बरीच कमी, पण ३० च्या खाली अजून काही नाही.

तर सब. १२ इंची एक की १० इंची दोन? सोफ्यावर तिघं बसतात. आणि जुना ८ इंची सोबत चालू ठेवू का?

ओहमचा_नियम

जुना बंद करा. दोन वेगळ्या जातीचे सब जोडले की कुठल्या सुराला मदत आणि कुठल्याला विरोध होईल ते मापाशिवाय सांगता येत नाही, आणि ३० ला फुसफुसणारा पोर्ट तिथे फुसफुसतच राहील.

तिघांना सारखा खर्ज हवा तर एकसारखे दोन. पडद्याचं क्षेत्रफळही १२ इंचीच्या जवळजवळ १.४ पट. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवलात तर बैठकीबैठकीतला फरक बराच कमी होतो. हरमन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी अनेक सबच्या मांडणीवर केलेल्या कामातून हीच जागा सोयीची ठरली. मागे वायर नेणं शक्य नसेल, किंवा दोन छोटे मिळून २५ हर्ट्झला कमी पडत असतील, तर सरळ १२ इंची एक.

माहितीपत्रकातला '२० हर्ट्झपर्यंत' हा आकडा एकटा बघू नका, किती डेसिबल खाली ते लिहिलेलं नसेल तर तो निरर्थक. सीईए-२०१० या सब मोजायच्या ठरलेल्या पद्धतीने मोजलेले २०, २५ आणि ३१.५ हर्ट्झचे आकडे शोधा. तुलना करताना एक सापळा आहे: कुणी १ मीटरवरचं शिखर देतं, कुणी २ मीटरवरचं आरएमएस (एक प्रकारची सरासरी). पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा ९ डेसिबल मोठा दिसतो, सब तोच असला तरी.

खालचा_सा

एका सबची जागा शोधायची सोपी रीत: सब सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचा एखादा चढता-उतरता तुकडा लावा आणि जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे तिथे कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो तिथे सब.

दोन घेतले आणि रिसीव्हरला एकच सबचं आउटपुट असेल तर वाय जोड चालतो, पण मग दोघांना अंतराची सेटिंग एकच मिळते. समोरच्या आणि मागच्या सबची सोफ्यापासूनची अंतरं वेगळी असतील, तेव्हा त्यातल्या एकाचा फेज नॉब (लहरींची वेळ पुढे-मागे करणारं बटण) फिरवून जुळवावं लागेल.

कॅलिब्रेशन झाल्यावर ८० हर्ट्झचा सूर डाव्या फ्रंटमध्ये आणि सबमध्ये एकदम वाजवा. फोनवर ध्वनिमापक ॲप, त्यात सी वेटिंग (खर्ज फारसा न गाळणारं माप) आणि स्लो निवडा. रिसीव्हरमधलं सबचं अंतर एकेक फुटाने वर-खाली करा आणि जिथे मापक सर्वात जास्त दाखवेल तिथे थांबा. फोनचा माइक आकडा अचूक देत नाही, पण एकाच सुराची वाढ-घट दाखवायला पुरेसा आहे.

नवा_श्रोता

मागे वायर नेता येते. १० इंची दोन, बंद पेटीचे की पोर्टवाले?

ओहमचा_नियम

२५ हर्ट्झच्या आसपास दणका हवा आणि पेटी मोठी चालत असेल तर पोर्टवाले, तिथे ते सहज जास्त देतात. पोर्टच्या सुराखाली मात्र ते झपकन गळतात. बंद पेटी लहान, उतार हळू, आणि छोट्या खोलीत भिंती तो उतार थोडा भरून काढतात. १४ बाय ११ मध्ये मी मोजलेले आकडे बघून ठरवीन, प्रकार बघून नाही. पोर्टवाला घेतलात तर भोकाचं तोंड भिंतीपासून निदान भोकाच्या व्यासाइतकं लांब ठेवा. आणि सब 'ऑटो' वर हळू आवाजात मध्येच झोपी जात असेल तर ते पॉवर कमी पडण्याचं लक्षण नाही. रिसीव्हरची ट्रिम दोन-तीन डेसिबल वर, सबचा गेन तितकाच खाली, म्हणजे जागं राहण्यापुरता सिग्नल पोचतो.