जुन्या बँड सॉचे पाते सरकते आणि चीर तिरपी जाते

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)

नमस्कार. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हौस म्हणून सुतारकाम करतो. तीन महिन्यांपूर्वी १४ इंची चाकांचा एक वापरलेला बँड सॉ (वर-खालच्या दोन चाकांवर पट्ट्यासारखे पाते फिरणारी विजेची करवत) घेतला. जुन्या वाड्याच्या सागवानी तुळयांचे सुमारे १२५ मिलिमीटर उंचीचे तुकडे लातीतून (लाकडाच्या वखारीतून) आणले आहेत आणि त्यांतून १० मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत. परंतु फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला, लाकूड घट्ट धरूनही चीर डावीकडे जाते, फळीचे पोट फुगलेले निघते आणि पाते अधूनमधून वरच्या चाकाच्या पुढच्या कडेवर येते. ज्यांच्याकडून यंत्र घेतले त्यांच्या कारागिराने सांगितल्याप्रमाणे मी दार उघडे ठेवून, यंत्र चालू असतानाच वरच्या चाकाचा कल बदलणारी मागची मूठ फिरवून पाते मध्यभागी आणतो. पण दहा मिनिटांत पुन्हा तेच. पाते १० मिलिमीटर रुंदीचे असून त्याला इंचाला १० दात आहेत. दोष यंत्रात आहे की माझ्या हातात?

उत्तर १ (कार्यशाळेचा निवृत्त शिक्षक, वडोदरा)

सर्वप्रथम एक विनंती : दार उघडे ठेवून चालू यंत्रावर पाते जुळवणे आजपासून बंद करावे. पाते तुटले किंवा चाकावरून उतरले, तर ते अडवण्यासाठीच ते दार असते. कोणताही स्क्रू सैल करण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. बटण बंद आहे एवढ्यावर विसंबू नये.

आपल्या वर्णनावरून मला पहिला संशय चाकांवरच्या रबरी टायरचा येतो. जुन्या यंत्रात रबर कडक होते, त्याला भेगा पडतात, त्यावर राळ आणि भुसा यांचा थर बसतो आणि मग पाते मधोमध स्थिर राहत नाही. रबरात नख रुतत नसेल किंवा भेगा दिसत असतील, तर टायर बदलण्यावाचून उपाय नाही. नुसता थर असेल तर तो लाकडी पट्टीने खरवडावा.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण तो उलटा करतात. आधी टेबलाच्या वरचे आणि खालचे सगळे गाइड (पात्याला बाजूने आणि मागून आधार देणारे भाग) पात्यापासून दूर सारावेत. मग ताण द्यावा. यंत्रावरच्या मापपट्टीवर फार विश्वास ठेवू नये, कारण वर्षानुवर्षे दाबलेली स्प्रिंग मरते. वरचा गाइड टेबलापासून १५० मिलिमीटर उचलून पात्याला बोटाने बाजूने मध्यम जोर लावला असता ते सुमारे ६ मिलिमीटर सरकावे, हा जुना अंदाज घरगुती कामाला पुरतो. ताण दिल्यावरच वरचे चाक हाताने, कापण्याच्या दिशेने फिरवत मागची मूठ किंचित किंचित वळवावी आणि पाते मध्यावर आणावे. ताण बदलला की पात्याची जागाही बदलते, म्हणून हे आधी करून उपयोग नाही. दार लावून क्षणभर यंत्र चालवावे, बंद करावे, चाके पूर्ण थांबू द्यावीत, प्लग काढावा आणि मगच आत पाहावे.

गाइड सर्वांत शेवटी. बाजूचे गाइड पात्यापासून कागदाच्या जाडीइतके दूर आणि दातांमधल्या खाचांच्या किंचित मागे असावेत. पुढे राहिले तर दातांची फाक (दातांना आलटून पालटून दोन्ही बाजूंना दिलेला कल) मोडते. मागचे बेअरिंग यंत्र रिकामे चालताना फिरता कामा नये, लाकूड टेकल्यावरच फिरावे. टेबलाखालचा गाइडचा संच लोक विसरतात, कारण तिथे वाकून पाहावे लागते.

उत्तर २ (फर्निचरचा व्यवसाय, इंदूर)

वरील काकांशी मी सहमत आहे. मात्र फळीचे पोट फुगण्याचे मुख्य कारण मला पात्यातच दिसते. १२५ मिलिमीटर उंचीच्या लाकडात इंचाला १० दात म्हणजे सुमारे ५० दात एकाच वेळी कापत असतात. खाचा भुशाने भरतात, पाते तापते आणि वाट मिळेल तिकडे वळते. अशा कामाला इंचाला ३ दातांचे, यंत्राला झेपत असल्यास १२ मिलिमीटर रुंदीचे पाते लावावे. सागात सिलिका असल्यामुळे साध्या पात्याची धार लवकर जाते, हेही धरून चालावे.

नव्या पात्यानेही चीर एकाच बाजूला ओढत असेल, तर एका टाकाऊ पट्टीवर कडेला समांतर रेघ मारून ती फेन्सशिवाय, रेघेवरून कापावी. मध्यावर यंत्र बंद करून पट्टी ज्या कोनात उभी असेल त्याच कोनात फेन्स लावावी.

आणि वाड्याच्या तुळया म्हणजे खिळे आलेच. प्रत्येक तुकड्यावरून चारी बाजूंनी लोहचुंबक फिरवल्याशिवाय मी स्वतः एकही चीर घेत नाही, आणि खोल रुतलेला खिळा त्यालाही चकवतो.

उत्तर ३ (वडोदरा)

आपल्या यंत्राला साधे बटण आहे की स्टार्टर? कापताना वीज गेली आणि बटण चालूच राहिले, तर वीज परतताच यंत्र आपोआप सुरू होते, तेही लाकडात अडकलेल्या पात्यासह. वीज गेल्यावर आपोआप सुटणारा स्टार्टर बसवून घ्यावा. तसेच यंत्र चालू असताना हातमोजे घालू नयेत. ते पात्याची गुंडाळी करताना घालावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरच्या टायरला तीन ठिकाणी आडव्या भेगा निघाल्या, त्यामुळे दोन्ही टायर बदलले. इंचाला ३ दातांचे पाते लावून, सांगितलेल्या क्रमाने जुळवणी केली. काल काढलेल्या चार फळ्यांची जाडी वर-खाली अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे. लोहचुंबकाने दोन खिळे दाखवले. स्टार्टरसाठी वायरमन रविवारी येणार आहे, तोवर यंत्राचा प्लग काढून पात्याचा ताण सैल करून ठेवला आहे.