मदत हवी आहे : गोल्फमधलं ३९० यार्डांचं पार ४ होल (चार फटक्यांत संपवायचं), उजवीकडे तळं. टीपासून (पहिल्या फटक्याची जागा) ग्रीनपर्यंत (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) कसं खेळावं?

स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) ३. टीपासून १९५ ते २४० यार्डांवर उजवीकडे तळं, लाल खुंट्या. डावीकडे झाडं. ग्रीनच्या पुढे उजवीकडे बंकर (वाळूचा खड्डा), पिन (होलमधला झेंडा) बहुधा त्याच्याच मागे. उजव्या हाताने खेळतो, कोर्स हँडिकॅप (सवलतीचे फटके) २२. क्लबांची अंतरं यार्डांत : ड्रायव्हर २१० पण स्लाइस (चेंडू उजवीकडे वळतो), हायब्रिड १७५, ७ आयर्न १४०. दुपारी समुद्राकडचा वारा थेट समोरून येतो. स्कोअर ७-८ च्या खाली उतरत नाही.

प्रतिसाद १
२२ पैकी १८ होलना एकेक आणि सर्वांत अवघड चारांना आणखी एक, म्हणून इंडेक्स ३ वर तुम्हाला सवलतीचे दोन फटके मिळतात. म्हणजे ६ हा नेट पार (सवलत वजा करून पार) आणि ५ केलेत तर स्टेबलफोर्डचे (गुण मोजायच्या पद्धतीचे) ३ गुण! तिसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचं, इतकंच ठरवा.

ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. २१० यार्डांचा स्लाइस नेमका तळ्यात उतरतो आणि समोरच्या वाऱ्यात तो आणखी वळतो. हायब्रिड घ्या, टी मार्करच्या (टीवरच्या दोन खुणांच्या) उजव्या टोकाला चेंडू लावा आणि फेअरवेची (मधल्या कापलेल्या गवताची) डावी कड धरा. वाऱ्यात १६० जाईल, पाण्याच्या अलीकडेच थांबेल. जोर लावू नका. जोराने बॅकस्पिन (उलटी फिरकी) वाढतो आणि चेंडू वर चढून तिथेच पडतो.

दुसरा ६ आयर्नने, फेअरवेच्या डाव्या अर्ध्यात. तिथून बंकर वाटेत येत नाही. उरतील ९५ च्या आसपास. तिसरा ग्रीनच्या मध्यावर, पिन कुठेही असो.

प्रतिसाद २
सहमत. फक्त यार्डांच्या खुणा ग्रीनच्या मध्यापर्यंतच्या आहेत की पुढच्या कडेपर्यंतच्या, हे कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) आधी विचारा. इथेच एका क्लबची चूक होते.

सकाळी वारा नसताना दुसरा फटका ७ आयर्नने मारला तर ७५ उरतील. अर्ध्या स्विंगची भीती वाटते म्हणून मुद्दाम मागे थांबू नका. जवळून चूक लहान होते. सँड वेजने (जवळच्या फटक्यांचा क्लब) कमरेपासून कमरेपर्यंतचा स्विंग सरावाच्या रेंजवर घोटून घ्या.

चेंडू तळ्यात गेलाच तर टीवर परतायची गरज नाही. ज्या जागी त्याने लाल हद्द ओलांडली, तिथून दोन क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप (चेंडू हातातून खाली सोडणं). दंड एक फटका.

प्रतिसाद ३
पावसाळ्यात रोल (जमिनीवरचं घरंगळणं) विसरा, कॅरीच (हवेतलं अंतर) मोजा. फेअरवेत चेंडू स्वतःच्या खड्ड्यात रुतला तर दंडाशिवाय ड्रॉप मिळतो. बरेच जण तसाच उकरून मारतात. चेंडूच्या उजव्या बाजूला चिखल असेल तर चेंडू डावीकडे जातो, त्या हिशोबाने नेम धरा.

ग्रीनवर बर्म्युडा गवत असेल तर चकाकणारी बाजू वेगवान, काळपट दिसणारी संथ.