मदत हवी आहे : नजर अधू झालेल्या चित्रकार भावाला मोरोक्को कसा दाखवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मोरोक्कोत एसाविरा या समुद्रकाठच्या गावी राहतो. ह्यांची नोकरी जोर्फ लासफरच्या बंदराजवळ, फॉस्फोरिक आम्लाच्या कारखान्यात होती. निवृत्तीनंतर परत जायचं असंच ठरलं होतं, पण इथला समुद्र आणि शेजार सोडवेना. आता सहावं वर्ष चालू आहे. वर्षातून दोन-तीनदा तरी घरी पाहुणे असतात आणि त्यांचं कसं करायचं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. या वेळी पडला आहे.

नोव्हेंबरात माझे दादा येत आहेत. वय 74. सावंतवाडीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. चितारआळीतलं लाखकाम, गंजिफाची (हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांची) गोल पानं बघतच ते मोठे झाले. चार वर्षांपूर्वी मॅक्युलर डिजनरेशनचं निदान झालं. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तिथेच मधोमध धुरकट डाग येतो. चालतात स्वतःचे स्वतः. पण चेहरे गेले, अक्षर गेलं, चित्रातली रेघ गेली. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका संग्रहालयात त्यांनी लाकडी खांबावरच्या नक्षीला हात लावला, तेव्हा रखवालदार सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडला. त्यानंतर दादा कुठल्याही प्रदर्शनाला गेलेले नाहीत. परवा फोनवर म्हणाले, "येतंय गो, पण माका खंय काय दाखवूक नेव नको. तुझ्या हातची पेज जेवतलंय आणि दर्याची गाज आयकत बसतलंय."

ते ऐकल्यापासून मला चैन नाही. कारण इथली कला डोळ्यांपेक्षा हाताला आणि नाकाला आधी कळते, असं माझं मत झालं आहे.

आमच्या घरापासून सात-आठ मिनिटांवर तटबंदी आहे. तिच्या कमानींखाली थुयाच्या लाकडाचं काम करणाऱ्यांचे गाळे आहेत. थुयाला इथे अरार म्हणतात. खोडापेक्षा मुळाजवळच्या गाठीला मान जास्त, कारण तिच्यात डोळ्या-डोळ्यांची नक्षी असते. त्यात लिंबाचं पिवळं लाकूड, शिंपला असं बारीक जडवतात. रंधा मारला की अख्खी गल्ली घमघमते, मिरी आणि देवदार एकत्र कुटल्यासारखा वास. मी ज्या मालमकडे जाते (मालम म्हणजे उस्ताद, कारागीर असो की वादक), तो जडावाचं काम झालं की डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवतो. सांधा अंगठ्याला लागला, तर पुन्हा घासायला घेतो. दादा लाखेच्या कामावर नेमका असाच अंगठा फिरवायचे.

आणि ग्नावा संगीत तर ऐकायचंच आहे. गिंब्री या वाद्याला तीन तारा, वर उंटाचं कातडं ताणलेलं, त्यामुळे सूर आणि ठोका एकदमच निघतात. जोडीला लोखंडी करकेब, म्हणजे मोठ्या चिपळ्यांसारखं वाद्य. ग्नावा म्हणजे पूर्वी इथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज. हे लोक रात्रभर जागून 'लीला' करतात, अंगात येतं, धूप जाळतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्या गोंधळाची आठवण झाली. 2019 साली युनेस्कोने ग्नावाला वारसा यादीत घेतलं. इथला जूनमधला ग्नावा महोत्सव 1998 पासून भरतो, पण त्या गर्दीत मी दादांना नेणार नाही. लहान बैठक ठरवता येईल.

अडतंय ते पुढे. एक म्हणजे फेझ. तिथल्या झेलीज, म्हणजे रंगीत फरशीचे तुकडे जुळवून केलेल्या नक्षीकामाविषयी दादा शाळेत मुलांना सांगायचे. कारागीर जमिनीवर बसून जड हातोडीने एकेक तुकडा तासतात आणि नक्षी जुळवताना तुकडे पालथे मांडतात. रंगाची बाजू खाली. म्हणजे नक्षी न बघताच ती मांडली जाते. हे दादांनी हाताने अनुभवावं असं मला फार वाटतं. पण फेझच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या अंधाऱ्या, उताराच्या, मागून लादलेली खेचरं येतात आणि "बालाक!" अशी हाक आली की क्षणात भिंतीला चिकटावं लागतं. न्यावं का?

दुसरं, चित्रं. आमच्या गावात शेतकरी, मच्छीमार, सुतार यांनी कुठेही न शिकता काढलेल्या चित्रांची मोठी परंपरा आहे. मोहम्मद तबाल हे तर स्वतः ग्नावा ढोल वाजवणारे. कॅनव्हासवर रिकामी जागा म्हणून नाही, माणसं, प्राणी, ठिपके एकमेकांत शिरलेले. आयुष्यभर चित्रकला शिकवलेल्या माणसाला असं चित्र शब्दांनी कसं सांगायचं? मी सांगायला लागले आणि त्यांना ते केविलवाणं वाटलं तर?

जेवणाचं मी बघेन. दादा शाकाहारी आहेत आणि कुसकुसची भाजी बहुधा मांसाच्या रश्शात शिजते, पण झालूक म्हणजे जवळपास आपलं वांग्याचं भरीतच आणि सुक्या बाकल्याची बिसारा त्यांना पिठल्यासारखी आवडेल.

घरात अशी दृष्टी असलेलं कोणी असेल, तर कृपया लिहा.

प्रतिसाद : ताई, माझ्या आईला हेच आहे. हात धरून ओढू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या. घरातल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा. पांढऱ्या भिंतींवरच्या उन्हाने तिला काहीच दिसत नाही, रुंद काठाची टोपी आणि पिवळसर काचांचा चष्मा लागतो. चित्राच्या थोडं बाजूला बघायला सांगा, कडेच्या नजरेत बरंच येतं. मोठ्या, भडक रंगांच्या चित्रात तर नक्कीच.

प्रतिसाद : फेझला न्या, पण जुन्या शहरात फिरवू नका. मातीकाम आणि झेलीजच्या मोठ्या कार्यशाळा शहराबाहेर आहेत, दारापर्यंत गाडी जाते. आधी बोलून ठेवा की पाहुण्यांना तुकडे हातात घ्यायचे आहेत.

प्रतिसाद : चित्र 'सुंदर आहे' वगैरे सांगू नका. केवढं आहे, जमीन कुठल्या रंगाची, डावीकडे वर काय, एवढंच सांगा आणि थांबा. ते शिक्षक आहेत, पुढचं तेच विचारतील.

धागालेखिका : तिघांचेही मनापासून आभार. 'सांगा आणि थांबा' हे मला सुचलंच नसतं. पट्ट्या आजच आणल्या. आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, हे डोळे मिटून उतरताना आज पहिल्यांदा लक्षात आलं.

संध्याकाळी मालमकडे जाऊन आले. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, एक पेटी पॉलिश न करता ठेवतो, पॉलिशखाली वास दबतो. झाकणावरचा जडाव अर्धाच करणार आहे, उरलेला घासायला दादांना बसवायचं म्हणतो.

आता एवढंच सांगा, हे दादांना आधी फोनवर कळवू, की ते आल्यावर फिरायला म्हणून तिकडे नेऊ?