घरी मिसळलेलं कस्टर्ड लिक्विड सपक लागतं: फ्लेवर, प्रमाण आणि मुरवण्याबद्दल सल्ला हवा

सायसाखर

नमस्कार मंडळी. सिगारेट सोडून मी व्हेपवर (ई-सिगारेटवर) आले आणि पुन्हा तिकडे वळायचं नाही हे पक्कं आहे. फळांचे फ्लेवर मला फार वेळ चालत नाहीत. जेवणानंतर काहीतरी दाट, दुधाळ, भाजलेल्या पिठाच्या वासाचं हवं असतं, म्हणून घरीच मिसळायला घेतलं. सध्याचं मिश्रण असं आहे:

व्हॅनिला कस्टर्ड ८ टक्के, बव्हेरियन क्रीम ५, शुगर कुकी ४, कॅरॅमल ३, व्हिप्ड क्रीम ३, इथाइल माल्टॉल २, स्वीटनर २. व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) ७०, पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) ३०. निकोटीन मिलीला ३ मिलिग्रॅम, मिलीला १०० मिलिग्रॅमच्या पीजी बेसमधून.

बाटली उघडली की वास अप्रतिम येतो. ओढल्यावर मात्र नुसता गुळमट गोडवा, कस्टर्ड कुठेच नाही. शिवाय कॉइल (लिक्विड तापवणारी तार) फार लवकर काळी पडते. यातलं काय काढू, काय ठेवू? किती दिवस मुरवायचं? आणि डायॲसिटिलबद्दल बरंच उलटसुलट ऐकते. कस्टर्ड आवडणाऱ्यांनी नेमकं काय करायचं? सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

तराजू

आधी एक सांगून टाकतो. काही देशांमध्ये ही वस्तू बाळगण्यावर किंवा विकण्यावर बंदी आहे, तिथल्या वाचकांनी हा धागा लागू समजू नये. आणि जे सिगारेट ओढतच नाहीत त्यांनी चवीसाठी म्हणून हे सुरू करू नये. तुमचं तसं नाही, म्हणून लिहितो.

फ्लेवरची बेरीज करून पाहा: २७ टक्के. निकोटीन बेसचे ३ टक्के धरले की पीजीचे तीसच्या तीस टक्के तिथेच संपले. इतकं कोंबल्यावर चव वाढत नाही, दबते. त्यात इथाइल माल्टॉल २ टक्के. भाजलेल्या साखरेचा वास देणारा हा पदार्थ थोडा असला की कडा गोलसर करतो, जास्त झाला की बाकी सगळ्या चवींवर पांघरूण घालतो. तुमचं कस्टर्ड बहुतेक त्याच्याखालीच आहे. तो पूर्ण काढा. स्वीटनर म्हणजे बहुधा सुक्रालोज. ते वाफेबरोबर नीट जात नाही, कॉइलवर जळून बसतं, आणि तापल्यावर त्याचं विघटन होऊन क्लोरीन असलेले नको ते पदार्थ तयार होतात. तुमच्या काळ्या कॉइलचं कारण तेच. अजिबात न घालणं उत्तम. घालायचंच तर पाव टक्का, त्याहून जास्त नाही.

दुसरं, सिरिंजने मिली मोजत असाल तर ते सोडा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. व्हीजी सिरिंजमध्ये चिकटतं, बुडबुडे धरतं आणि दर वेळी माप थोडं वेगळं येतं. पीजीची घनता साधारण १.०४, व्हीजीची १.२६. म्हणजे ३० मिली, ७०/३० आणि एकूण १२ टक्के फ्लेवर असं करायचं तर फ्लेवर ३.६ मिली, निकोटीन बेस ०.९ मिली, साधं पीजी ४.५ मिली म्हणजे ४.७ ग्रॅम, आणि व्हीजी २१ मिली म्हणजे जवळपास २६.५ ग्रॅम. बाटली काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, एक घटक ओतायचा, पुन्हा शून्य. चव जमली की तीच चव पुढच्या वेळी हुबेहूब येते, हा खरा फायदा.

आणि प्रत्येक कॉन्सन्ट्रेट (फ्लेवरचा दाट अर्क) एकेकटं चाखा. छोट्या बाटलीत एकच फ्लेवर, निकोटीनशिवाय, दोन-तीन वेगवेगळ्या प्रमाणांत. सात फ्लेवर एकत्र असताना कोण बिघडवतंय हे कुणालाच सांगता येणार नाही.

खमंग

तराजूंच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. आता चवीबद्दल, कारण माझा जीव त्यात आहे.

तुमच्या यादीत दुधाळ घटक तीन आहेत (कस्टर्ड, बव्हेरियन, व्हिप्ड) आणि तिघेही एकच काम करतात. एकावर एक साय चढवून दाटपणा येत नाही. दाटपणा जाणवायला त्याच्या शेजारी काहीतरी कोरडं, भाजलेलं लागतं. म्हणून एक मुख्य चव ठरवा, तिला एक आधार द्या आणि वर एखादाच कडक स्वर. बस.

मी अशी सुरुवात करेन: व्हॅनिला कस्टर्ड ६, शुगर कुकी ३, कॅरॅमल १, आणि ॲसिटिल पायराझिनचं ५ टक्क्यांचं द्रावण अर्धा टक्का. हा शेवटचा घटक फार गुणी आहे. बिस्किटाचा तळ, पायचं कवच, भाजक्या धान्याचा खरपूसपणा, हे सगळं त्यातून येतं. एक टक्क्याच्या वर गेलात तर मात्र मक्याच्या चिप्स खाल्ल्यासारखं लागेल, म्हणून थेंब मोजून. एकूण साडेदहा टक्के होतात आणि कस्टर्डला बोलायला जागा राहते.

कंपनीप्रमाणे तीव्रता बदलते हे विसरू नका. कॅपेला किंवा फ्लेवर ॲप्रेंटिस यांचे फ्लेवर चार-सहा टक्क्यांवर चालतात. फ्लेवर आर्ट किंवा इनावेराचे बरेचसे एक ते तीन टक्क्यांतच पुरे होतात. एका कंपनीची कृती दुसऱ्या कंपनीच्या बाटलीने केली की सगळं बिनसतं.

आणखी एक. काही क्रीममध्ये ब्युटिरिक ॲसिड असतं. काहींना त्यातून छान लोण्याची चव येते, काहींना सरळ आंबट, ओकारीसारखा वास येतो. तुम्हाला तसा येत असेल तर ती बाटली बाजूला ठेवा. मुरवून तो जाईल अशी आशा धरू नका, ज्याला येतो त्याला येतच राहतो.

अगदी सोपं काही हवं असेल तर पिकलेली स्ट्रॉबेरी ६ आणि व्हॅनिला बीन आइस्क्रीम ६. दोनच बाटल्या, पण नवशिक्याला यातून जितकं कळतं तितकं दहा घटकांच्या कृतीतून कळत नाही.

रसायनी

डायॲसिटिलचा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. लोण्याची, सायीची चव देणारा हा नैसर्गिक पदार्थ आहे आणि खाण्यात त्याची अडचण नाही. अडचण श्वासातून आत जाण्याची आहे. २००० साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या माजी कामगारांमध्ये ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स हा फुप्फुसाचा दुर्मिळ आजार आढळला. यात सर्वांत बारीक श्वासनलिका व्रण धरून कायमच्या आकसतात. औषधाने त्या पूर्ववत होत नाहीत. तपासात बोट लोण्याच्या फ्लेवरच्या वाफांकडे गेलं. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या निऑश या कामगार आरोग्य संस्थेने कामाच्या जागेसाठी शिफारस केली: हवेत डायॲसिटिल अब्जात ५ भाग आणि त्याचा भाऊ २,३-पेंटानेडायोन अब्जात ९.३ भाग, आठ तासांच्या सरासरीने, याहून जास्त नको. या अंकांवरून कळेल की किती थोड्या प्रमाणाची गोष्ट चालली आहे.

व्हेपमध्ये हे असतं का? २०१५ च्या शेवटी हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवर तपासले, त्यांपैकी ३९ मध्ये डायॲसिटिल सापडलं. ब्रिटनमध्ये २०१६ पासून ई-लिक्विडमध्ये ते घालायला बंदी आहे. सिगारेटच्या धुरातही डायॲसिटिल असतं आणि बरंच असतं, हे काही जण लगेच सांगतात. ते खरं आहे, पण त्यामुळे आपल्या बाटलीत ते हवंच असं ठरत नाही. टाळता येतं, तर टाळावं.

टाळायचं कसं? बाटलीवर ‘डायॲसिटिल नाही’ एवढं वाचून थांबू नका. कंपनीच्या चाचणी अहवालात तीन नावं शोधा: डायॲसिटिल, ॲसिटिल प्रोपिओनिल (हेच ते २,३-पेंटानेडायोन) आणि ॲसिटॉइन. तिसऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. ॲसिटॉइन स्वतः तितकं त्रासदायक मानलं जात नाही, पण लिक्विडमध्ये पडून राहिलं की त्याचं हळूहळू डायॲसिटिल होतं, आणि निकोटीनमुळे मिश्रण अल्कधर्मी झालं की हा बदल वेगाने होतो. म्हणजे महिनोन्‌महिने मुरवलेलं ॲसिटॉइनवालं कस्टर्ड चवीला गोलसर होत असेल, पण नको तो पदार्थही त्यात वाढतो. फ्लेवर ॲप्रेंटिसच्या ज्या क्रीमपुढे ‘डीएक्स’ लिहिलेलं असतं ती, आणि कॅपेलाच्या कस्टर्डची दुसरी आवृत्ती, ही यासाठीच काढलेली आहेत. चव पातळ लागते अशी तक्रार असते. मला ती तडजोड मान्य आहे आणि इतरांनीही करावी असं मनापासून वाटतं.

खाण्यासाठी सुरक्षित म्हणजे ओढण्यासाठी सुरक्षित, असा अर्थ कधीच काढू नका. पोटाकडे जाणाऱ्या आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या गोष्टींची परीक्षा वेगळी असते. तेलात बनवलेला कुठलाही फ्लेवर, मग तो केकसाठी कितीही उत्तम असो, लिक्विडमध्ये अजिबात घालायचा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या इजेची साथ आली, तिचा मुख्य संबंध व्हिटामिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाशी निघाला. तो बहुतेक गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांमध्ये होता, नेहमीच्या निकोटीन लिक्विडमध्ये नाही. तरी फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण दवाखान्यात पोचले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते.

निळा धूर

माझं मत थोडं वेगळं आहे. रसायनींनी इतकं सांगितल्यावर क्रीम हवंच कशाला? मी दुधाळ फ्लेवर पूर्ण सोडले. मेरँग, हेझलनट, साधी व्हॅनिला, भाजलेला बदाम यांवर गोड पदार्थाची हौस भागते आणि अहवाल चाळत बसावं लागत नाही. फ्लेवर जितके कमी तितका प्रश्न कमी. आणि पुढची पायरी म्हणून निकोटीनही उतरवत नेता येतं. मी तेच करतोय.

रसायनी

निळा धूर, मुद्दा पटतो. फक्त व्हॅनिला म्हणजे निर्धोक असं समजू नका. व्हॅनिलिन पीजीमध्ये साध्या तापमानालाच हळूहळू ॲसिटल नावाची नवी संयुगं बनवतं, आणि ती वाफेतही येतात. बदामाच्या वासाचं बेन्झाल्डिहाइडही तसंच. दालचिनीचा फ्लेवर तर पेशींना जास्तच झोंबणारा असतो, वर काही प्लास्टिक टँकना तडेही पाडतो. म्हणून माझा नियम साधा: घटक कमी, टक्के कमी, आणि जे मिसळलं ते वेळेत संपवायचं.

सायसाखर

सगळ्यांचे मनापासून आभार. इथाइल माल्टॉल आणि स्वीटनर आजच कपाटाबाहेर. अजून दोन-तीन शंका. स्वयंपाकघरातला व्हॅनिला इसेन्स चालेल का? बाटली गरम पाण्यात ठेवली की लवकर मुरतं म्हणतात, ते खरं का? आणि निकोटीनची मोठी बाटली ठेवायची कुठे? घरात लहान मूल आहे.

तराजू

इसेन्स नको. त्यात साखर, रंग, अल्कोहोल, कधी तेल, काय असेल ते लेबलवर पूर्ण कळत नाही. साखर कॉइलवर जळते. खऱ्या व्हॅनिलाच्या शेंगा घरी पीजीत भिजवण्याच्या कृती फिरतात, त्यांच्याही नादी लागू नका. नीट गाळलं जात नाही आणि वनस्पतीतलं आणखी काय उतरलंय ते कुणी तपासत नाही.

गरम पाण्याने मिश्रण पातळ होतं आणि घटक एकमेकांत नीट मिसळतात, इतकंच. कोमट पाणी, घट्ट झाकण, मग जोरात हलवणं, यापुढे जाऊ नका. मुरण्याचं काम वेळच करतो. फळांचं दोन-चार दिवसांत तयार होतं; कस्टर्डला दोन आठवडे द्या, फार तर चार. अंधारी, थंड जागा. रोज झाकण उघडून हवा द्यायची पद्धत मला पटत नाही. वरचे नाजूक वास त्यातून उडतात आणि निकोटीन हवेने तपकिरी पडतं. रंग थोडा गडद होणं कस्टर्डमध्ये ठरलेलंच, व्हॅनिलिनमुळे होतो, घाबरू नका.

निकोटीनबद्दल मात्र कळकळीने सांगतो. घरात लहान मूल असेल तर १०० ची बाटली आणूच नका. २० मिलिग्रॅमच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या घ्या. ३० मिलीत ३ हवं तर २० ची ४.५ मिली लागेल, हिशोब तेवढाच बदलतो. दाबून फिरवायचं झाकण, कुलपाचं कपाट, उंचावर. तयार लिक्विडलाही हेच लागू, कारण त्याला मिठाईचा वास येतो आणि मुलाला ते खाऊ वाटणार. मिसळताना नायट्राइल हातमोजे घाला, निकोटीन कातडीतून आत जातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. मुलाने घोट जरी घेतला असं वाटलं तरी लक्षणांची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

सायसाखर

हे वाचून १०० ची बाटली घरात ठेवणारच नाही, योग्य ठिकाणी जमा करते. आता कस्टर्डची दुसरी आवृत्ती, अहवाल तपासून, ६ टक्के आणि कुकी ३, आधी एवढंच. ॲसिटिल पायराझिन दुसऱ्या बाटलीत, म्हणजे फरक कळेल. माझं पॉड (व्हेपचं यंत्र) छोटं आहे, ७०/३० त्यात नीट चालेल का?

खमंग

छोट्या पॉडला ७०/३० जड जातं. कापसातून पुरेसं वर चढत नाही, कापूस कोरडा पडतो आणि जळकट चव येते. कोरड्या, अती तापलेल्या कॉइलवर व्हीजी-पीजीपासूनच फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखे पदार्थ तयार होतात, म्हणून जळकट लागलं की लगेच थांबायचं. पॉडसाठी ५०/५० करा. त्यात चव थोडी पुढे येते, तेव्हा कस्टर्ड ५ वरही भागेल. वॅट कमी ठेवून सुरुवात करा. कस्टर्डला जरा ऊब आवडते, पण कॉइलवर लिहिलेल्या मर्यादेच्या खालच्या निम्म्यातच राहा. आणि एकच चव दिवसभर ओढून जीभ बधिर होते, तेव्हा नवीन बाटली चाखायची ती सकाळी, पाणी पिऊन. दोन आठवड्यांनी काय लागलं ते इथेच कळवा. कुकी कोरडी वाटली तर कॅरॅमल अर्ध्या टक्क्यापासून चढवत जाऊ.