तातडीने मदत हवी: रेझिन सुकतच नाहीये!

वाशिष्ठीकर
चार दिवस झाले, अजून चिकट. बोट टेकवलं की ओढून धरतं. बाहेरची बाजू झाली होती, आता उलटी करून आतून घ्यायची होती. गणपतीला सगळे घरी जमतात, तोवर पाण्यात उतरवणार असं सांगून बसलोय. सगळं खरवडायचं का? फोटो नंतर टाकतो. पटकन सांगा.

रंधापटाशी
कसलं रेझिन? कशावर लावलंय? काय उलटी करायचीय? कुठे राहता?

वाशिष्ठीकर
कनू हो. साडेचौदा फुटी. प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवल्या, सांधे भरले, वरून काचेचं कापड चढवलं. चिपळूण. पडवीत करतोय. रेझिन फायबरवाल्याकडचं, जे देतात तेच.

खाडीकाठचा म्हातारा
कनू कसली, होडी म्हणा की. आमच्या वडिलांनी आंब्याचं खोड कोरून केली होती, एका अंगाला उलांडी, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला बांधलेला ओंडका. दरवर्षी काजूच्या टरफलाचं तेल पाजायचं, बस्स. रेझिन नाही की फिझिन नाही. प्लाय पाण्यात गेला की त्याचा पापड होतो, लिहून ठेवा.

प्लायवाला नाही
काका, पापड ३०३ चा शिक्का असलेल्या साध्या प्लायचा होतो. ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, तरी थर सुटता कामा नयेत. आणि आंब्याचं तेवढं खोड आज आणायचं कुठून?

खाडीकाठचा म्हातारा
उकळायला ती काय डाळ आहे? कडेने पाणी शिरलं की तुमचा ७१० पण कुजतो.

प्लायवाला नाही
कडेचं बरोबर आहे. म्हणूनच कडांना रेझिन पाजतात.

घाटावरचा
एवढी यातायात कशाला? हवा भरायची कयाक मिळते ऑनलाइन. घडी करून डिकीत. मी घेतलीय, झकास आहे.

रंधापटाशी
त्यांनी ते विचारलेलं नाही.
वाशिष्ठीकर, फायबरवाल्याकडे दोन्ही तऱ्हेची रेझिनं मिळतात, पॉलिस्टर आणि इपॉक्सी. नाकाला झोंबणारा वास आणि शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम हार्डनर (रेझिन कडक करायला मिसळतात ते), तर पॉलिस्टर. दोन मोठे डबे, तर इपॉक्सी. तुमचं कुठलं? प्रमाण काय घेतलंत, वजनाने की मापाने?

वाशिष्ठीकर
दोन डबे. झोंबणारा वास नाही. डब्यावर १०० ला ५० वजनाने लिहिलंय. काटा नव्हता म्हणून पेल्याने घेतलं, दोनास एक. तेच ना ते? शेवटच्या दोन घाण्यांना पाऊस फार होता, म्हणून हार्डनर जरा सढळ घातला.

टाकी स्पेशालिस्ट
वरून पॉलिस्टरचा एक हात मारा, सकाळी कडक. आम्ही टाक्यांना तेच करतो, वीस वर्षं झाली.

रंधापटाशी
अजिबात नको! कच्च्या इपॉक्सीवर पॉलिस्टर धड सुकत नाही, धरतही नाही. टाकी मुळात पॉलिस्टरचीच असते, तिथे चालतं.

टाकी स्पेशालिस्ट
पुस्तकी ज्ञान. असो.

रंधापटाशी
असो तर असो.
पेला आणि काटा एक नव्हे. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे दोनास एक पेल्याने वजनात तो कमीच पडला. आणि तो सढळ घातला म्हणून इपॉक्सी लवकर सुकत नाही, ती सवय पॉलिस्टरची. शेवटचे घाणे कुठे लावलेत? सगळीकडे सारखंच चिकट आहे का?

वाशिष्ठीकर
शेवटचे नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाला. तिथे कडक आहे, पण मेणचट लागतं. मधे जास्त चिकट. म्हणजे सढळ हात बरोबरच होता की!

रंधापटाशी
चुकून बरोबर पडला. मेणचटपणा दमट हवेचा. हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून वर साय आणतो. कोमट पाणी आणि घासणीने धुवा. आधी पॉलिश पेपर मारू नका, ती साय आतच घासली जाते. मधे नखाने दाबून बघा. ठसा उठला तर आतूनच कच्चं आहे. हॅलोजनचा दिवा लावून दोन दिवस ऊब द्या, तरी उठला तर खरवडण्याशिवाय गत्यंतर नाही.

सोनटक्का
वाशिष्ठीत मगरी आहेत ना हो?? लाइफ जॅकेट घेतलंत का?

वाशिष्ठीकर
आहेत. गोवळकोटला लोक पैसे देऊन बघायला येतात. २०२१ च्या जुलैत पाणी माळ्यापर्यंत आलं, तेव्हापासून दारात एक होडी हवीच असं डोक्यात आहे. जॅकेट घेतो.

घाटावरचा
पुरासाठी तर हवेचीच बरी, माळ्यावर मावते.

वाशिष्ठीकर
अपडेट. नाळेचं धुतल्यावर गेलं, काचेसारखं झालंय. मधे नखाचा ठसा उठतोच, दोन दिवस हॅलोजन लावूनही. सुमारे पाच फूट खरवडायचंय, कापडासकट. काटा आणला. भांड्यांची घासणी नेली म्हणून आई बोलत नाहीये.

रंधापटाशी
हीटगनने कोमट करून खरवडा, सोलून निघेल. आधी प्लायच्या तुकड्यावर एक छोटा घाणा लावून बघा, मगच होडीला हात लावा. आणि फोटो?

खाडीकाठचा म्हातारा
उलांडी लावणार ना?